तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाच संघाला पाठिंबा दिला जातो का? लहानपणीच्या काय आठवणी आहेत?

हो. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमच्याकडे फुटबॉलचा संघ कुणी निवडत नाही. ज्या पेठेत वाढलो, तिथलं मंडळ आपलं. आबा, म्हणजे माझे आजोबा, शिवाजी तरुण मंडळाचे, वडील शिवाजीचे आणि मीही शिवाजीचाच.

बाहेरच्या माणसाला आधी नावांचंच नवल वाटतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम... फुटबॉलच्या संघांना तालमींची नावं कशी? राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, पेठापेठांतल्या तालमी भरल्या. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलही धरला. गणपती, शिवजयंती आणि फुटबॉल, तिन्ही एकाच मंडळाकडे. त्यामुळे हार झाली की अख्खी गल्ली जेवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या घरात पेच वेगळाच होता. आईचं माहेर पाटाकडीलचं! शिवाजी-पाटाकडील सामना म्हणजे कोल्हापुरातली सर्वांत मोठी चुरस. त्या दिवशी वडील आणि मामा दोघंही मला न्यायला यायचे. मी आबांचं बोट धरून जायचो. शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्या, हलगीचा कडकडाट, मध्यंतरात खासबागेतली भेळ. समोरच्या गॅलरीत मामा दिसायचा आणि सामना संपेपर्यंत ओळख दाखवायचा नाही. टायब्रेकर झाला की आबा मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. निकाल ते गर्दीच्या आवाजावरून ओळखायचे.

तेव्हा बायका फारशा स्टेडियमवर जात नसत. आई गच्चीवर जाऊन फटाके कुठल्या बाजूला वाजतात ते ऐकायची. पाटाकडील जिंकलं की आमच्या घरात त्या रात्री तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर आनंद. कुणीतरी एकदा तिला टोकलं, "आता तरी शिवाजीची हो की." त्यावर आबाच म्हणाले, "का म्हणून? माहेरची तालीम हाय तिची. सुनेनं ती सोडावी, असं कुठं लिवलंय?" आबांबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या एका वाक्यासाठी.

ईर्षेपायी दगडफेक झाली, सामने बंद पडले, असंही इथे घडलंय. मैदानाबाहेर दगड उचलणारा माझ्या लेखी कुठल्याच तालमीचा नाही. पोरं वर्षभर पहाटे उठून सराव करतात, त्यांचा हंगाम वाया जातो.

२०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि आपला अनिकेत जाधव दिल्लीत भारताकडून खेळला. तेव्हा मामा आमच्या घरी येऊन वडिलांशेजारी बसला होता. भारत तिन्ही सामने हरला, तरी कोल्हापूरचं पोरगं विश्वचषकात पळतंय म्हणून दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

आता माझी मुलगी स्टेडियमवर येते, सोबत आजीही. नात शिवाजीची, आजी अजून पाटाकडीलचीच. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. त्या काळात कोल्हापूरला आलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर एक दुपार शाहू स्टेडियमवर काढा. फक्त कुठल्या गॅलरीत कोणत्या पेठेची माणसं बसतात, ते आधी विचारून घ्या.