दमट हवेत ऑर्किड बाहेर ठेवायचं तर कुंडीत लावू की लाकडावर बांधू? कोकोपीटमधलं (नारळाच्या भुशातलं) फॅलेनॉप्सिस ऑर्किड लोळलंय, पाणी वाढवलं तरी सुधारत नाही

पाणी आधी बंद करा. मी पण हेच केलं होतं, पानं लोळली म्हणजे तहान लागली असं वाटतं, पण बहुतेक वेळा मुळ्या कुजलेल्या असतात आणि त्यांना पाणी ओढताच येत नाही. झाड उपसून एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा, वरचं आवरण मोज्यासारखं सरकून हातात आलं आणि आत नुसता दोरा उरला तर ते मूळ गेलं.

कोकोपीट ह्यांना नकोच. ही झाडं मुळात फांद्यांवर वाढणारी, मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात, ते पाणी झटकन शोषतं आणि मग त्याला वारा लागतो, कोरडं असलं की चंदेरी आणि भिजलं की हिरवट दिसतं. मॉसमध्ये (सुकवलेल्या शेवाळात) लावा सांगणारे व्हिडिओ बरेचसे घरातल्या कोरड्या हवेसाठी असतात. आपल्याला ओल धरायची नाहीये, ओल तर हवेतच आहे, आपल्याला मुळ्या सुकवायच्या आहेत.

कुंडीत लावायचं तर मातीची घ्या, बाजूलाही भोकं असलेली, आणि त्यात लाकडी कोळसा न् विटांचे तुकडे, साधारण 2-3 सेंमीचे, भुगा चाळून टाकलेला. पाणी ओतलं की लगेच खालून निघून गेलं पाहिजे. नारळाच्या सोडणाचे तुकडेही चालतात पण सतत पाऊस असला की लवकर मऊ पडतात, मी सोडून दिले. कॅटलिया, डेंड्रोबियम ह्या ऑर्किडांना अशी कुंडी मस्त, फक्त मोठी घेऊ नका. व्हांडा जातीच्या ऑर्किडला तर रिकामी टोपली पुरते.

पण फॅलेनॉप्सिस बाहेर पावसात राहणार असेल तर मी लाकडावर बांधेन. नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली की बांधायचं, तंगूस किंवा सुती दोरीनं, आणि घट्ट, कारण झाड हललं की ते कोवळं टोक घासून मरतं. पानं खाली झुकलेली ठेवा. माझं एक सुंदर झाड मी हौसेनं सरळ उभं बांधलं, मधल्या कोंबात रात्रभर पाणी साचत राहिलं आणि एक दिवस वरचं पान हात लावताच निघून आलं, बुडाशी काळं आणि चिकट. ह्याला वाढीचं टोक एकच असतं, ते गेलं की बहुतेक वेळा खेळ खलास (कधीकधी बाजूनं पिल्लू येतं, माझ्याकडे नाही आलं).

लाकूड खरबरीत हवं. पेरू, निलगिरीसारखं साल सोडणारं झाड नको, सालीबरोबर ऑर्किडही खाली येतं. तांब्याचं औषध मारलेली फळी तर अजिबात नको.

तोटा एकच, कोरडे दिवस आले की बांधलेल्या झाडाला रोज पाणी, कडक उन्हाळ्यात दोनदा सुद्धा. तेवढं जमणार नसेल तर सरळ कोळशाची कुंडी करा आणि वर आडोसा द्या.

आत्ता तुमच्या झाडाच्या कुजलेल्या मुळ्या ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीनं कापा, दोनेक दिवस सावलीत तसंच उघडं राहू द्या. दोन-तीन टणक मुळ्या उरल्या असतील तरी आशा आहे.