एडीएक्स (ॲव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स, चार्टवरचा एक इंडिकेटर) २५ च्या वर गेला म्हणजे शेअर वर जाणार का?

नाही, इथेच बरेच जण फसतात. एडीएक्स ट्रेंडचा फक्त जोर सांगतो, दिशा नाही. शेअर धडाधड पडत असला तरी एडीएक्स चढू शकतो! दिशेसाठी सोबतच्या दोन रेषा बघा: प्लस डीआय (भाव वर जाण्याचा जोर) वर असेल तर तेजी, मायनस डीआय (भाव खाली जाण्याचा जोर) वर असेल तर मंदी. तांत्रिक विश्लेषक वेल्स वाइल्डर यांनी हे १९७८ मध्ये मांडलं, १४ कालखंडांचा (डेली चार्टवर १४ दिवसांचा) हिशेबही त्यांचाच. एडीएक्स २० च्या खाली असेल तर भाव एका पट्ट्यात घुटमळतोय असं समजा. तिथे मूव्हिंग ॲव्हरेजचे क्रॉसओव्हर (भावाच्या सरासरीच्या रेषा एकमेकींना छेदतात तो इशारा) हमखास चकवतात. शिवाय हा एडीएक्स गडी उशिराच बोलतो, सरासरीचीही सरासरी काढलेली असते ना. मी तरी तो पाच मिनिटांच्या चार्टवर लावत नाही, डेली चार्टवरच बघतो.