ट्रेलर-घराला जनरेटर की सोलर? सौंदत्तीची एक रात्र

तुम्ही विचारलंय, गाडीमागे ओढायचं छोटं ट्रेलर-घर केलंय, चौघं फिरणार, तर लाइटसाठी जनरेटर घ्यावा की सोलर-बॅटरी. सोलर घ्या. मी बेळगावात उद्यमबागेत मोटार वाइंडिंगचं काम करतो, जनरेटर रोज हाताखालून जातात, तरीही हेच सांगेन.

आमचा ट्रेलर आम्ही दोघा भावांनी मिळून बांधून घेतला. थोरल्याचं म्हणणं, सोलर म्हणजे खेळणं, लाइट पाहिजे तर जनरेटरच. मी लहान, ऐकलं. माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला गेलो, तिथल्या जोगुळभावीजवळ मुक्काम टाकला. दादाने एक केव्हीएचा, म्हणजे छोटा, पेट्रोल जनरेटर चोरीला जाऊ नये म्हणून ट्रेलरच्या हुकालाच साखळीने बांधला. मी म्हटलं, लांब ठेव, झोपताना बंद कर. तो म्हणाला, आईला रात्री वाफ घ्यावी लागते, चालू राहू दे. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. रात्री वारा फिरला आणि धूर तळाखालून आत शिरला.

दोनच्या सुमाराला आई डोकं धरून बसली, मग उलट्या. आम्हाला वाटलं, जेवण बाधलं. पण बारा वर्षांची पुतणी हाका मारूनही उठेना, तेव्हा हा जनरेटरचा धूर आहे, हे माझ्या लक्षात आलं. शेजारच्या गाडीतली माणसं धावली, सगळ्यांना उचलून बाहेर उघड्यावर आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत दोघी सावरल्या. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो जागं करत नाही.

दादा आजही म्हणतो, वारा फिरला त्यात जनरेटरचा काय दोष. वारा आपल्या हातात नाही, म्हणूनच माणसं झोपतात तिथे धूर सोडणारं यंत्र ठेवायचं नसतं. ही गोष्ट वाइंडिंगवाल्याला कळते आणि घरच्या थोरल्याला कळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी मी स्वतःच्या पैशाने छतावर १६५ वॅटची दोन पॅनेल आणि १०० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. आमचा रोजचा खर्च असा: चार एलईडी पाच तास, दोन छोटे पंखे रात्रभर, मोबाईल, आईचं वाफेचं मशीन, मिळून पाऊण युनिटच्या आत. बॅटरीत सव्वा युनिट मावतं, आणि माघातल्या स्वच्छ उन्हात पॅनेल दिवसाला तेवढं भरून देतात. १५० एएचची ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती शिसे-आम्लाची बॅटरी, स्वस्त पडते, पण ती पन्नास किलोच्या वर जाते, आणि टिकवायची तर तिचा निम्माच साठा वापरायचा. लिथियम बारा-तेरा किलो. ओढायच्या गाडीला हा फरक मोठा. बॅटरीच्या विजेची घरच्यासारखी वीज करणारा इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचाच, म्हणजे लाइनसारखी सरळ वीज देणारा घ्या. स्वयंपाकाला गॅस ठेवा, इंडक्शनचा विचार करू नका.

एक मान्य करतो. जुलैत कणकुंबीला गेलो तेव्हा ढगांमुळे पॅनेलनी पाव युनिटही दिलं नाही, दादाने ते सगळ्या गावाला सांगितलं. तेव्हापासून गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर चालून वीज देणाऱ्या यंत्रावरून, २० अँपिअरचा डीसी चार्जर जोडलाय, दोन तास गाडी चालली की अर्धा युनिट येतं. पॅनेलवर झाडाच्या फांदीएवढी सावली आली तरी वीज निम्म्यावर येते, म्हणून आंब्याखाली गाडी लावायची हौस सोडा.

एसी लावायचा असेल, तर वरचं सगळं गणित तुमच्या कामाचं नाही. त्यासाठी जनरेटर घेणारच असाल, तर आधी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घ्या. जनरेटर ट्रेलरपासून वीसेक फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे, आणि झोपायच्या आधी बंद. त्या रात्री दादाला मी हेच सांगत होतो.