ड्रोनच्या काळात लष्कराला एवढा तोफखाना आणि एवढी माणसे कशासाठी हवीत?

तोफखाना मोडीत काढून तो पैसा ड्रोनमध्ये का घालू नये, असे आपण विचारले आहे. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर असलेले माझे साडू दर गणपतीत मला नेमके हेच ऐकवतात. माझी सारी नोकरी तोफखान्यात झाली असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

1999 च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धात, आमची बॅटरी (तोफांची तुकडी) द्रासच्या परिसरात होती. पलीकडच्या पाकिस्तानी तोफा श्रीनगर-लेह महामार्गावर मारा करत असत. त्या कोठून डागल्या जातात हे सांगणारे वेपन लोकेटिंग रडार पाकिस्तानकडे होते, आपल्याकडे नव्हते. म्हणून गोळा पडून धुरळा बसला की आम्ही खड्ड्यापाशी जात असू, माती कोणत्या बाजूला उडाली आहे ते पाहून काठ्या रोवत असू, कंपासने दिशा घेत असू आणि निरनिराळ्या खड्ड्यांवरून आखलेल्या रेषा नकाशावर जेथे छेदतील तेथे शत्रूची तोफ आहे असे धरून चालत असू. त्यातही खडकाळ जमिनीत खड्डा धड पडत नाही. आमचे एक सुभेदार साहेब नुसता तुकडा हातात घेऊन तोफ कोणत्या कॅलिबरची, म्हणजे किती व्यासाच्या नळीची, ते सांगत. पण पुढचा गोळा त्याच खड्ड्यावर येणार नाही, याची हमी त्यांनाही देता येत नसे.

अशी रडार जगात नव्हती, किंवा त्यांची गरज कोणाला ठाऊक नव्हती, असे मुळीच नाही. अमेरिकी रडार आपल्याला युद्धानंतर मिळाली आणि स्वदेशी ‘स्वाती’ 2017 मध्ये लष्कराच्या हाती आली. तोफांचेही तेच झाले. 1986 च्या बोफोर्स करारानंतर एवढा गदारोळ झाला की के-9 वज्र आणि एम-777 या तोफा देवळालीत लष्करात दाखल व्हायला नोव्हेंबर 2018 उजाडला. तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमावा, ही मंत्रिगटाची 2001 मधील शिफारस 1 जानेवारी 2020 रोजी प्रत्यक्षात आली. लष्कराचे आधुनिकीकरण अडते ते येथे, निर्णयापाशी. साडूंना मात्र ते यंत्रांच्या दुकानात अडलेले दिसते.

मे 2025 मध्ये पाकिस्तानी ड्रोन पाडणाऱ्या शस्त्रांत एल-70 ही कित्येक दशकांपूर्वीची विमानविरोधी तोफ होती, हेही लक्षात घ्यावे. (ती आमची नव्हे, 1994 मध्ये आमच्यापासून वेगळ्या झालेल्या एअर डिफेन्सची, म्हणजे लष्कराच्या हवाई संरक्षण शाखेची, पण श्रेय घ्यायला आमची हरकत नाही.) जुन्या नळीला नवे रडार आणि नवी नेमयंत्रणा जोडली, म्हणून ती उपयोगी पडली. ड्रोनने लक्ष्य दाखवावे आणि तोफेने ढगाळ हवेतही रात्रभर मारा करावा, अशी ही जोडी आहे. एकाच्या बदल्यात दुसरे मागणे मला पटत नाही.

माणसे कमी करण्याबद्दल म्हणाल, तर सुरुवात पिछाडीपासून, म्हणजे प्रत्यक्ष लढाईबाहेरच्या कामांपासून करावी. संरक्षण खर्चाचा फेरविचार करणाऱ्या लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने तेच सुचवले होते आणि त्यानंतर लष्कराच्या गोशाळा बंदही झाल्या. दुधासाठी सैनिक अडकवून ठेवण्याचे दिवस केव्हाच सरले होते.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. युक्रेनमध्ये एका जागी थांबलेली तोफ ड्रोनच्या नजरेतून सुटत नाही, त्यामुळे ओढून न्यायच्या तोफांपेक्षा गोळे डागून लगेच जागा बदलणाऱ्या, स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या तोफा अधिक घ्याव्यात, निदान वाळवंटात आणि पंजाबच्या सपाटीवर तरी. तेवढ्यापुरते साडूंचे म्हणणे बरोबर आहे. मी ते त्यांच्यापाशी अद्याप बोललेलो नाही.