दोन फलांच्या बेरजेचा आलेख काढताना क्ष मिळवायचा का?

तुमचा प्रश्न असा: य = |क्ष| आणि य = क्ष − २ हे दोन आलेख एकाच कागदावर काढलेत, आता त्यांच्या बेरजेचा आलेख हवाय. पहिल्यावरचा (१, १) आणि दुसऱ्यावरचा (३, १) मिळवून (४, २) घेतला, तर सरांनी काट मारली.

काट बरोबर आहे. क्ष मिळवायचा नसतोच. एकाच क्ष ला दोन्ही फलं काय किंमत देतात, तेवढ्याच किमती मिळवायच्या. ४ ला पहिलं फल ४ देतं, दुसरं २. म्हणजे बिंदू (४, ६). अकरावीच्या दर वर्गात दोन-तीन जणांकडून मी हीच चूक बघतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

मी मुलांना कंपासपेटीतलं कर्कटक काढायला लावतो. एक टोक क्ष-अक्षावर, दुसरं बरोबर त्याच्या वर किंवा खाली असलेल्या क्ष − २ च्या रेषेवर. ते अंतर न हलवता उचला आणि त्याच उभ्या रेघेवर, ‘व्ही’च्या, म्हणजे |क्ष| च्या, आलेखापासून पुढे मोजा. रेषा अक्षाच्या वर असेल तर वर, खाली असेल तर खाली. हे ‘खाली’च मुलं विसरतात.

वीस-वीस बिंदूंचा तक्ता करत बसू नका. मोक्याच्या जागा पुरतात. क्ष = २ ला रेषा शून्य आहे, म्हणून बेरीज ‘व्ही’वरच पडणार: (२, २). क्ष = ० ला ‘व्ही’ शून्य, म्हणून बेरीज रेषेवर: (०, −२). क्ष = १ ला एक १ वर, दुसरं १ खाली; हिशोब फिटला, आलेख अक्षाला छेदतो.

खरी गंमत डावीकडे आहे. तिथे ‘व्ही’चा चढ −१, रेषेचा १. चढांचीही बेरीजच होते, म्हणून शून्य! डावीकडचा सगळा आलेख −२ च्या उंचीवर सपाट, आडवा. उजवीकडे चढ १ + १ = २. ‘व्ही’ला जिथे कोपरा आहे तिथेच, म्हणजे (०, −२) ला, बेरजेलाही कोपरा येतो, तो गोल करू नका.

वर्गमुळं आली तर आधी एक बघा: दोन्ही फलं जिथे आहेत तिथेच बेरीज. √क्ष + √(४ − क्ष) चा आलेख ० ते ४ एवढाच, बाहेर काही नाही.

तुमचं काढून झालं की क्ष = −५ ला तपासा: ५ आणि −७.