बार्सिलोनात एकच दिवस आहे. गौडी या प्रसिद्ध आर्किटेक्टचं काम सोडून एखादी इमारत आतून बघायची तर कुठली बघू?

पालाउ दे ला म्युझिका कातालाना. डोळे झाकून तिकीट काढा, फक्त दिवसाउजेडी जा, का ते पुढे सांगतो.

हा एक कॉन्सर्ट हॉल आहे, पण कुठल्या राजाने किंवा सरकारने बांधलेला नाही. १८९१ मध्ये लुईस मिलेट आणि अमादेउ विवेस या दोघांनी ओरफेओ कातला नावाची गायनमंडळी काढली, म्हणजे एकत्र बसून कातालान (बार्सिलोना ज्या कातालोनिया प्रांतात आहे तिथल्या भाषेतली) गाणी म्हणायची मंडळी, तिला स्वतःचं घर हवं होतं म्हणून हे बांधलं. आर्किटेक्ट लुईस दोमेनेक इ मोंतानेर. पायाभरणी १९०५ मध्ये सेंट जॉर्जच्या दिवशी, तो कातालान लोकांचा मोठा सण, आणि १९०८ च्या फेब्रुवारीत उद्घाटन. म्हणजे जेमतेम तीन वर्षांत हे सगळं उभं केलं, आपल्याकडे एवढ्यात फ्लायओव्हरचा पिलरसुद्धा होत नाही.

जागा मात्र अडचणीची, जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्लीत, आजूबाजूला घरं खेटून. दर्शनी भाग नीट बघायला मागे सरकायला जाल तर पाठ समोरच्या भिंतीला लागते. मग उजेड आणायचा कुठून? दोमेनेकने आत लोखंडी सांगाडा उभा केला, म्हणजे भिंतींवर वजन नाही, आणि भिंतीच्या जागी जिथे जमेल तिथे सरळ काच लावली. १९०८ मध्ये! छताच्या मधोमध रंगीत काचेचा एक प्रचंड घुमट उलटा लोंबतोय, मधे पिवळा-केशरी सूर्य, भोवती निळाई आणि तिच्यात मुलींच्या चेहऱ्यांचं कडं, जणू तेही कोरसमध्येच उभे आहेत. सूर्य डोक्यावर असताना जे दिसतं ते रात्रीच्या कार्यक्रमाला दिसत नाही, म्हणून दिवसा जा म्हणालो.

आता स्टेजकडे बघा, इथे खरी मजा आहे. मागच्या अर्धगोल भिंतीवर अठरा तरुणी आहेत, प्रत्येकीच्या हातात वेगळं वाद्य. कमरेच्या वरचा भाग शिल्पासारखा भिंतीतून बाहेर आलेला, आणि खालचा घागरा मात्र सपाट, मोझॅकमध्ये. थोडा वेळ बघत राहिलं की वाटतं एकेक जण भिंतीतून निघून स्टेजवर येतेय. मोझॅकचं तंत्र आपल्याला नवीन नाही, गच्चीवर फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक टाकतात ना, बाहेरचे खांब तसेच मढवलेत, फक्त इथे त्याची फुलं केलीत.

स्टेजच्या डावीकडे क्लावेचा अर्धपुतळा, हा एकोणिसाव्या शतकात कामगारांची गायनमंडळं सुरू करणारा माणूस, त्याच्यावर वाकलेलं झाड आणि खाली फुलं गुंफणाऱ्या मुली. उजवीकडे बेथोव्हन, आणि त्याच्या डोक्यावरून वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरातले घोडे उधळत हॉलमध्ये घुसतायत. एका बाजूला गल्लीतलं गाणं, दुसऱ्या बाजूला युरोपचं मोठं संगीत, आणि दोघांना सारखाच मान. मला विचाराल तर अख्खी इमारत या दोन पुतळ्यांत सांगून टाकलीय.

गंमत म्हणजे पुढे फॅशन बदलली आणि १९२०-३० च्या दशकांत याला भडक, उथळ म्हणून नावं ठेवणारे, पाडा म्हणणारेसुद्धा निघाले. नशीब, ऐकलं नाही कुणी. १९९७ मध्ये ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

आणि १९६० चा किस्सा माहीत असल्याशिवाय आत जाऊ नका. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत कातालान भाषेची गळचेपी चालू होती. मे महिन्यात इथे कवी जुआन मारागाल यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम होता, आणि मारागालनेच लिहिलेलं, मिलेटने चाल दिलेलं, या गायनमंडळींच्या झेंड्याचं गाणं सरकारने कार्यक्रमातून काढायला लावलं. मग काय, प्रेक्षकांतल्या काही जणांनी उभं राहून तेच गाणं सुरू केलं, पोलिसांनी हॉलमध्येच लोकांना चोपलं, धरपकड झाली. जोर्दी पुजोल त्या रात्री हॉलमध्ये नव्हते तरी फ्रँकोविरोधी पत्रक काढल्याबद्दल त्यांना उचललं आणि लष्करी कोर्टाने सात वर्षं ठोठावली. हेच पुजोल १९८० पासून २००३ पर्यंत कातालोनियाच्या प्रांतिक सरकारचे अध्यक्ष होते.

सगळंच गोड आहे असंही नाही. २००९ मध्ये उघड झालं की इथला कारभार बघणाऱ्या माणसानेच, तोही संस्थापकाच्या घराण्यातला, संस्थेचे कोट्यवधी युरो हडप केले होते, २०१८ मध्ये शिक्षा झाली.

तिकिटाचं म्हणाल तर गाइडेड टूर चांगली असते, पण दुपारी एखादी छोटी मैफल असेल तर तीच घ्या, हॉल गाताना ऐकायला मिळतो. बाहेर पडल्यावर गल्लीतल्या जाड खांबाकडे बघा, जुनी तिकीटखिडकी त्या खांबाच्या पोटातच आहे, लोक फोटो काढत पुढे निघून जातात. आणि वेळ उरलाच तर याच दोमेनेकचं सांत पाउ हॉस्पिटल, तेही याच युनेस्को यादीत आहे, गौडीच्या सग्रादा फामिलिया चर्चहून चालत जाता येतं.