त्रास काहीच नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह: नवऱ्याला सांगायचं का?

तुमचा प्रश्न असा: क्लॅमिडियाचा (शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा) रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, त्रास काहीच नाही, मग गोळ्या घ्यायच्या का आणि नवऱ्याला सांगायचं का? दोन्हींचं उत्तर हो. माझी चूक झाली ती दुसऱ्या बाबतीत.

लाजेपोटी मी एकटीनेच गोळ्या घेतल्या. नवरा ठणठणीत दिसत होता, म्हणून त्याला बोललेच नाही. तीन महिन्यांनी तपासलं तर पुन्हा पॉझिटिव्ह. तेव्हा त्याचीही तपासणी झाली आणि जंतू त्याच्यातही सापडला. हा संसर्ग एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असं नाही.

त्रास नसणं हेच इथे नेहमीचं आहे. बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना काहीच जाणवत नाही. कुणाला लघवीला जळजळ होते, अंगावरून पांढरं जास्त जातं, संबंधानंतर रक्त दिसतं. पण जंतू गुपचूप गर्भाशयातून नळ्यांपर्यंत पोचला, तर तिथे व्रण राहतात. पुढे मूल राहायला अडचण येते किंवा गर्भ नळीतच राहतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. गोळ्यांनी जंतू मरतो, झालेले व्रण भरून येत नाहीत. म्हणून थांबू नका.

साधारणपणे डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस देतात. दिवस गेल्याची जराही शंका असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात त्याऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या तिच्यासोबत नकोत. उन्हात त्वचा लवकर भाजते, तेही सांभाळा.

नवऱ्याने त्याच सुमारास उपचार घ्यायचे, आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध पूर्ण बंद. गेल्या दोन महिन्यांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही कळवायला हवं.

सांगताना भीती वाटते ती संशयाची, ते मला माहीत आहे. पण हा रिपोर्ट संसर्ग कधी झाला, कुणाकडून झाला, हे सांगत नाही. जंतू महिनोन्‌महिने लक्षणांशिवाय राहू शकतो, लग्नाआधीपासूनचाही असू शकतो. मी शेवटी एवढंच म्हटलं, "मला संसर्ग निघालाय, तुलाही असू शकतो, दोघांनी मिळून औषध घेऊ." तो रात्रभर गप्प होता. सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात आला.

लगेच पुन्हा तपासू नका, मेलेल्या जंतूंच्या अंशानेही काही आठवडे रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. तीन महिन्यांनी मात्र नक्की तपासा. गरोदर असाल तर चार आठवड्यांनीही करतात. गनोरिया, सिफिलिस, एचआयव्ही यांच्या तपासण्या आताच उरकून घ्या. पुढे कंडोम नीट वापरलात तर धोका बराच कमी होतो.

मधेच ताप आला किंवा ओटीपोटात जोरात दुखायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हा नुसत्या या गोळ्या पुरत नाहीत.